सायकलच्या सरावात झोपेचाही सराव हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या बातम्या हल्ली क्रीडापानावर नियमित दिसतात, याचा आनंद आहे. मात्र त्यांतले एक वाक्य वाचून दर वेळी काळजी वाटते: ‘चाळीस तास डोळ्याला डोळा न लावता सायकल चालवली.’ ते कौतुकाने छापले जाते आणि पुढच्या मोसमात पहिल्यांदा ६०० किलोमीटरला उतरणारा सायकलस्वार त्यालाच पराक्रम समजून येतो. खरे तर बहुतेक वेळा वेळेचा हिशेब फसल्यामुळे ती झोप हातची गेलेली असते. म्हणून तयारीच्या ज्या भागावर सर्वांत कमी लिहिले जाते, त्या झोप आणि कॅफिनबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. तिची वेळमर्यादा अंतरानुसार ठरलेली असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १२०० ला ९०. घड्याळ सुटल्यापासून पोहोचेपर्यंत थांबत नाही. जेवण, पंक्चर, झोप, सगळे त्यातच. २०० आणि ३०० मध्ये झोपेचा प्रश्न फारसा येत नाही, ४०० मध्ये एक रात्र अंगावर येते, आणि ६०० मध्ये झोप आधी ठरवूनच निघावे लागते.

समजा, ६०० ची ब्रेव्हे सकाळी ६ ला सुटली. चालत्या सायकलची सरासरी ताशी २० किलोमीटर धरली, तर ३५० किलोमीटरला साडेसतरा तास लागतील. वाटेत २५ मिनिटांचे पाच थांबे धरा, म्हणजे तिथे पोहोचायला रात्रीचे १ वाजून ३५ मिनिटे होतात. ६०० पर्यंतचे कंट्रोल (वाटेतली तपासणी-ठाणी, जिथे कार्डावर पोहोचल्याचा शिक्का मिळतो) ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने बंद होतात, त्यामुळे ३५० वरचा कंट्रोल पहाटे ५.२० ला बंद होईल. हातात पावणेचार तास उरले. त्यात अडीच तास झोप, आधी-नंतर थोडे खाणे, आणि ४.४० ला निघाले तरी पंक्चरसाठी ४० मिनिटे शिल्लक राहतात. पुढचे २५० किलोमीटर त्याच गतीने, चार थांबे धरून, संध्याकाळी सातच्या आत संपतात. मुदत रात्री १० ची असते.

आता गती ताशी १८ धरा. ३५० ला पोहोचायला पहाटेचे साडेतीन वाजतात आणि हातात पावणेदोन तास राहतात. तेच पाच थांबे २५ ऐवजी १२ मिनिटांत आटोपले, तर एक तासाहून अधिक वेळ झोपेला परत मिळतो. गती ताशी दोन किलोमीटरने वाढवायला महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो, थांबा आखडायला फक्त शिस्त लागते. कार्डावर शिक्का, बाटल्या भरणे, स्वच्छतागृह, खाणे हातात घेऊन बाहेर. खुर्चीत बसून फोन उघडला की दहा मिनिटे गेलीच. झोपेची सर्वांत मोठी चोरी इथे होते.

झोप नेमकी १ ते ५ मध्येच का घ्यायची? झोप दोन गोष्टी मिळून आणतात. एक म्हणजे जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक वाढत जाणारा झोपेचा दाब, दुसरी म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. पहाटे ४ ते ५ च्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि तेव्हाच सतर्कताही तळ गाठते. दुपारी दोनच्या आसपास एक लहान उतार येतो. सूर्य वर आला की घड्याळ पुन्हा साथ देऊ लागते, म्हणून सकाळी सातला ‘आता ठीक आहे’ असे वाटते. पण साठलेला दाब तसाच असतो आणि दुसऱ्या दुपारी तो गाठतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, २४ तासांनी साधारण ०.१० टक्के असल्याइतकी. संध्याकाळी सुटणाऱ्या स्पर्धांना हे अधिक लागू आहे. १८९१ मध्ये सुरू झालेल्या आणि आता चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राइडमध्ये ९० तासांच्या गटातले बहुतेक जण संध्याकाळी निघतात. सकाळी सहाला उठलेला माणूस पहिल्याच पहाटे २२-२३ तासांचा जागा असतो. निघण्याच्या दिवशी दुपारी अंधाऱ्या खोलीत दीड तास झोपणे हा सामान तपासण्याइतकाच तयारीचा भाग आहे.

पल्ल्याच्या आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोपले, तर पुढचे जागरण खरोखरच कमी बाधते. आदल्या रात्री झोप येत नाही ही सर्वांची तक्रार असते. आधीच्या सहा-सात रात्री चांगल्या गेल्या असतील, तर त्या एका रात्रीने फारसे बिघडत नाही. मात्र त्या सहा-सात रात्रींत बारा वाजेपर्यंत सामान बांधत बसू नये. दोन दिवस आधी सायकल तयार असली पाहिजे.

एक गैरसमज फार घट्ट आहे: आधी दोन-चार रात्री जागून सराव केला की शरीराला सवय होते. होत नाही. अपुऱ्या झोपेत काही दिवस काढले की माणसाला ‘जमतंय’ असे वाटू लागते, पण त्याची प्रतिक्रिया मंदावतच जाते. रात्रीची राइड जरूर करावी, पण ती दिवे, कपडे आणि अंधारात खाण्याच्या सवयीसाठी. सराव करायचाच तर झोपण्याचा करा. लांबच्या राइडच्या मध्यावर, अनोळखी आणि उजेडाच्या जागी, बूट-हेल्मेट काढून, डोळ्यांवर पट्टी बांधून वीस मिनिटांत झोप लागते का ते पाहा. पहिल्या दोन-तीन वेळा लागणार नाही. चौथ्या वेळी लागेल, आणि उठल्यावर आपल्याला भानावर यायला पाच मिनिटे लागतात की पंचवीस, हेही कळेल. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

डुलकी १५-२० मिनिटांची, नाहीतर दीड तासाची. मधल्या पाऊण तासात माणूस गाढ झोपेत असतो, तिथून उठवले की अंग शिशासारखे जड होते. शरीर फार थकलेले असेल, तर वीस मिनिटांतही गाढ झोप लागते; म्हणून उठल्यावर लगेच उतारावर सायकल घालू नये. दहा-पंधरा मिनिटे चाला, तोंड धुवा, काही खा. आडवे होण्याआधी ओला जर्सी काढून कोरडे जाकीट घाला, नाहीतर घामाने थंडी भरते आणि झोप मोडते. गजर दोन, आणि फोन चार्जिंगला लांब न ठेवता अंगाशी.

ही डुलकी पुढे ढकलली तर काय होते? झापड येण्याच्या बऱ्याच आधी तिच्या खुणा दिसतात. पाटी वाचली पण काय लिहिले होते ते आठवत नाही. चढ संपला तरी गिअर बदललेला नसतो. चाक पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि झटक्याने सावरावे लागते. मागचा एक किलोमीटर कसा गेला ते सांगता येत नाही. मान खाली पडणे ही फार उशिराची खूण आहे. ताशी २५ च्या गतीने सायकल सेकंदाला ७ मीटर जाते. तीन सेकंदांच्या झापडीत २१ मीटर. उतारावर ताशी ४५ ला तेच अंतर ३७ मीटर होते, आणि तेवढे अंतर सायकल कोणीही चालवत नसते. गाणी म्हणणे, तोंडावर पाणी मारणे, सोबत्याशी बोलणे यांनी पाच-दहा मिनिटे निघतात, तेवढ्यात थांबायची सुरक्षित जागा शोधावी. पेंगणाऱ्या दोघांनी चाकाला चाक लावून मुळीच जाऊ नये. दुसऱ्या रात्री झाडांत माणसे दिसू लागली, तर ती गंमत म्हणून सांगायची गोष्ट नव्हे. मेंदू जागेपणीच स्वप्न पाहू लागलेला असतो. तिथेच थांबावे.

अर्थात रात्री तीनची प्रत्येक ग्लानी झोपेची नसते. पोट रिकामे असले तरी असेच होते. अंधारात भूक मरते आणि दोन तास काही खाल्लेच नाही हे लक्षात येत नाही. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. त्यासाठी दर वीस मिनिटांनी वाजणारा गजर लावावा. ग्लानी आली की आधी ३० ग्रॅम गोड खाऊन पंधरा मिनिटे वाट पाहा. डोळे तरीही मिटत असतील, तर ती झोपच.

आता कॅफिन. मेंदूत जागेपणाबरोबर अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ठरावीक जागी बसून झोप आणते. कॅफिन त्याच जागा अडवून बसते, चुकीची किल्ली कुलपात अडकावी तसे. अ‍ॅडिनोसिन साठणे थांबत नाही. कॅफिन उतरले की ते एकदम जाणवते. घेतल्यापासून साधारण पाऊण तासात कॅफिनचा पूर्ण परिणाम दिसतो आणि सुमारे पाच तासांनी त्यातले निम्मे शरीरात शिल्लक असते. हा काळ माणसागणिक दोन तासांपासून नऊ-दहा तासांपर्यंत बदलतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तो जवळजवळ दुप्पट होतो, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये बराच कमी.

निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे मानले जाते. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० ते ८०, चहाच्या कपात ३० ते ५०, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ८०, आणि गोळी बहुधा १०० किंवा २०० ची असते. काही एनर्जी जेलमध्ये आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफिन असते; वेष्टन वाचल्याशिवाय ते कळत नाही. थकलेल्या डोक्याला मागची मात्रा कधी घेतली हे आठवत नाही आणि पाठोपाठ दुसरी घेतली जाते. यावर साधा उपाय म्हणजे सायकलच्या टॉप ट्यूबवर (सीट आणि हँडलमधल्या आडव्या नळीवर) कागदी चिकटपट्टीचा तुकडा. प्रत्येक वेळी त्यावर वेळ आणि मिलिग्रॅम लिहायचे.

वेळापत्रक झोपेपासून उलटे मांडावे. वरच्या हिशेबात झोप रात्री दोनच्या सुमारास आहे, म्हणून शेवटचे कॅफिन रात्री आठला. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेसुद्धा तासाभराहून अधिक झोप उडते, हे तपासून पाहिलेले आहे. मग रात्री अकराला गडद कॉफी ढोसणाऱ्याच्या अडीच तासांतले काय उरणार? सुटतानाच २०० घेणे ही दुसरी चूक: सकाळी सहाला मन आपोआपच जागे असते. दुपारी सतर्कता उतरेल तेव्हा ५० ते १००, पहाटे उठल्यावर १००, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेवढेच. लहान मात्रा, तीन-चार तासांच्या अंतराने. डुलकी घ्यायची असेल, तर १०० मिलिग्रॅम पिऊन लगेच आडवे व्हावे. जाग येईपर्यंत परिणाम सुरू झालेला असतो. जादा झाले की हात कापतात, छाती धडधडते, पोट ढवळते, आणि पोट बिघडले की खाणे बंद पडते. तिथून पुढचे शंभर किलोमीटर फार लांब असतात.

स्पर्धेआधी दोन दिवस चहा-कॉफी एकदम बंद करण्याचा सल्लाही फिरत असतो. रोजची सवय असलेल्याचे १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके सुटताना, ते टिपेला पोहोचते. कमी करायचेच असेल, तर दोन आठवडे आधीपासून हळूहळू करावे. १ जानेवारी २००४ पासून कॅफिन उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, पण म्हणून ते प्रत्येकाला चालते असे नाही. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सायकलबद्दल इथे दोनच गोष्टी. मागे दोन स्वतंत्र टेल लाईट असावेत, कारण पेंगत चालवणाऱ्याला मागचा दिवा विझलेला कळत नाही. आणि हँडल आदल्या आठवड्यात खाली-वर करू नये. मान अवघडली की विश्रांतीच्या वेळीही झोप येत नाही.

शेवटी आयोजकांना आणि आपल्यालाही एक विनंती. सुटण्याआधीच्या सूचनांमध्ये वाटेत झोपायची जागा कोणत्या किलोमीटरवर आहे, हे मार्गाइतक्याच स्पष्टपणे सांगितले जावे. कंट्रोलवरच्या स्वयंसेवकांनी शिक्का मारताना ‘शेवटचे कधी झोपलात?’ एवढे विचारावे. उत्तर द्यायला फार वेळ लागला, तर त्या सायकलस्वाराला बसवून ठेवावे. पोहोचण्याच्या ठिकाणी चार गाद्या आणि एक अंधारी खोली असावी, आणि ४० तासांनंतर स्वतःची मोटार चालवत घरी निघालेल्याची किल्ली मित्रांनी काढून घ्यावी. आपल्या वार्ताहरांनी अशा सायकलस्वारांना गती आणि अंतर विचारताना, वाटेत कुठे आणि किती वेळ झोपलात, हेही विचारून छापावे.

आपला,
एक रॅन्डोनर (ब्रेव्हे करणारा) वाचक