बारीक शीर म्हणजे गुठळी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतील एक बाई डोकेदुखीसाठी केलेल्या एमआर व्हेनोग्राफीचा (एमआरआय यंत्राने मेंदूच्या शिरांची केलेली तपासणी) रिपोर्ट घेऊन घरी आल्या. ‘डावा ट्रान्सव्हर्स सायनस हायपोप्लास्टिक’ या ओळीखाली त्यांच्या मुलाने पेनाने दोनदा रेघ ओढली होती. रिपोर्टात त्याचा खुलासा करणारे एक अक्षरही नव्हते. सायनस म्हणजे नाकाचे दुखणे असे आधी त्यांना वाटले. मग इंटरनेटवर वाचून मेंदूत गुठळी झाल्याच्या धास्तीने घरात दोन रात्री कोणी झोपले नव्हते.

शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून हे लिहीत आहे. मेंदूतून परतणारे रक्त कवटीच्या आतल्या ज्या रुंद शिरांमधून मानेकडे उतरते, त्यांना सायनस म्हणतात; त्यांतल्या डोक्याच्या मागच्या आडव्या जोडीला ट्रान्सव्हर्स सायनस म्हणतात. ही डावी-उजवी जोडी सारखी असतेच असे नाही; ‘हायपोप्लास्टिक’ म्हणजे मुळातच कमी वाढलेली, बारीक. माथ्यावरून मागे येणारी मोठी शीर बहुतेकांत उजवीकडे वळते, त्यामुळे उजवी बाजू रुंद होते आणि डावी बारीक राहते, काहींत तर जवळजवळ नसतेच. कोरडी कवटी हातात घेऊन मागच्या हाडाच्या आतून अंगठा फिरवला, की या शिरेची हाडात उमटलेली उजवीकडची पन्हळ रुंद आणि डावीकडची उथळ असल्याचे बहुतेक वेळा बोटालाच कळते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आधी डोळे मिटून करायला लावत असे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमआरआय निर्दोष असलेल्या 100 जणांपैकी 31 जणांच्या व्हेनोग्राफीत या शिरेतला प्रवाह मध्येच तुटल्यासारखा दिसला होता, आणि रुंद बाजूला मात्र तसे एकदाही दिसले नाही.

मेंदूच्या शिरेतील गुठळी हा गंभीर आजार आहे, विशेषतः बाळंतपणानंतर, आणि वाढत्या डोकेदुखीबरोबर उलट्या, झटके किंवा अंधूक दिसणे असेल तर क्षणही दवडू नये. नेमक्या याच कारणासाठी मुळातच बारीक शीर आणि गुठळीने बुजलेली शीर यांतला फरक रिपोर्टात स्पष्ट हवा. सीटी स्कॅनमध्ये त्या बाजूची हाडातली पन्हळ आणि रक्त मानेकडे जाण्याचे कवटीच्या तळाचे छिद्रही लहान असेल, तर शीर बहुधा जन्मापासूनच बारीक असते. तपासणाऱ्या डॉक्टरांना ते पडद्यावर दिसत असते. रुग्णाच्या हाती मात्र केवळ एक इंग्रजी शब्द पडतो. मुंबईतील तपासणी केंद्रांनी, खात्री असेल तेथे, त्या ओळीपुढे ‘ही नैसर्गिक ठेवण आहे, आजार नाही’ एवढे मराठीत छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त अध्यापिका, दादर, मुंबई