असाइनमेंट वाचून, शेरा लिहून परत द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूरशिक्षणाच्या ॲडमिशन सुरू झाल्या की पेपरात मुदतवाढीच्या बातम्या येतात, रिझल्ट लांबला की त्याचीही बातमी येते, पण मधलं जे अख्खं वर्ष जातं त्यात त्या विद्यार्थ्याला शिकवतं कोण, अडलं तर तो विचारतो कुणाला, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी मुंबईत एका अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं संमंत्रक आहे, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना समोर बसवून शिकवायची रविवारची संपर्कसत्रं घेते, विषय अर्थशास्त्र. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आमच्याकडे येतात ते कोण असतात? मॉलमधे दहा-दहा तास उभं राहणारी मुलं, सिक्युरिटीवाले, प्रमोशनसाठी डिग्री हवी असलेले पोलीस शिपाई, एमपीएससी करणारे, आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, त्या तर खूपच. मुंबई विद्यापीठाने १९७१ मधे पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, १९८५ मधे इग्नू हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं, १९८९ मधे नाशिकचं मुक्त विद्यापीठ, म्हणजे या शहरातल्या दोन पिढ्या तरी असं शिकून पुढे गेल्यात. "पण या डिग्रीला किंमत आहे का हो मॅडम?" हा प्रश्न अजून येतो. तर हो, आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. कागदावर दोन्ही सारख्या झाल्या हे फार चांगलं झालं, पण शिकताना मिळणाऱ्या सोबतीचं काय?

आता सोबत म्हणून काय मिळतं सांगते. पोर्टलवर पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात, त्याही कधीकधी स्कॅन केलेल्या, मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून करून वाचायच्या, ते पण लोकलमधे उभ्याने. रेकॉर्ड केलेली लेक्चरं मिळतात. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप असतो पण त्यात मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकतो अशी सेटिंग केलेली, म्हणजे फी भरायची शेवटची तारीख कळते, शंका विचारता येत नाही. आणि संपर्कसत्रं ठेवलेली असतात रविवारी, बरोबर मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असतात त्या दिवशी! कर्जत-कसाऱ्याकडून, पनवेलहून येणारा माणूस सकाळी दहाच्या सत्राला साडेअकराला पोचतो आणि मग पुढच्या रविवारी येतच नाही, त्याचं काय चुकलं त्यात.

पण हे सगळं एकवेळ निभेल. माझी खरी तळमळ आहे ती असाइनमेंटबद्दल. विद्यार्थी असाइनमेंट लिहितो, अपलोड करतो किंवा सेंटरला नेऊन देतो, त्याला मार्क पडतात आणि विषय संपला. बहुतेक ठिकाणी ती परत मिळतच नाही, आणि मिळाली तरी आत लाल पेनाची एक रेघ नसते, वर नुसता आकडा. दूरशिक्षणात शिक्षक आणि विद्यार्थी यांची प्रत्यक्ष गाठ पडायची हक्काची जागा हीच एक आहे आणि तीच आपण रिकामी सोडलीय.

हे शिक्षण सुरू कसं झालं बघा. ज्या पिटमनचं शॉर्टहँड आपल्याकडच्या आधीच्या पिढीने क्लासला जाऊन शिकलं आणि त्यावर मंत्रालयात, कोर्टात, कंपन्यांत नोकऱ्या मिळवल्या, तेच सर आयझॅक पिटमन. इंग्लंडमधे १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जायला लागल्यावर त्यांनी पोस्टाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. विद्यार्थ्याने उतारा लिहून पाठवायचा, आणि तो तपासून, चुका दाखवून त्याच्याकडे परत जायचा. पाठ छापून पाठवणं कुणालाही जमतं हो, तपासलेला कागद परत येणं हे खरं शिकवणं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पोस्टाने जे जमत होतं ते आज फोनच्या जमान्यात जमू नये?

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक ताई होत्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. चलनवाढीच्या प्रश्नावर त्यांनी गाइडमधली चार पानं उतरवून काढली होती, अगदी शब्द न् शब्द, आणि शेवटी जागा उरली म्हणून की काय, स्वतःची एक ओळ लिहिली होती, की तेल महागलं तरी आम्ही पोळीभाजीचा भाव लगेच वाढवत नाही, आधी भाजी कमी घालतो. त्या ओळीखाली मी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं की ताई, उत्तराची सुरुवात इथून करा, खर्चजन्य चलनवाढ, म्हणजे माल बनवायचा खर्च वाढल्याने येणारी महागाई, म्हणतात ती हीच, तुम्ही ती रोज बघताय. पुढच्या असाइनमेंटला त्यांनी कोपऱ्यात मलाच प्रश्न लिहून पाठवला, भाव तोच ठेवून भाजी कमी दिली तर सरकार ते महागाईत धरतं का? आता हा प्रश्न किती खोल आहे! महागाईचा निर्देशांक काढताना भाव नेमका किती मालाचा धरायचा, वजन घटलं तर काय, डब्यातली भाजी मोजणार कोण, सगळं त्यात आलं. वर्गात समोर बसणाऱ्या मुलांकडूनसुद्धा असा प्रश्न क्वचित येतो. तो आला कारण आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे त्यांना कळलं.

आणि जिथे कुणी वाचत नाही तिथे काय होतं तेही सगळ्यांना माहितीये, झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट विकत मिळते, आता तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत लिहून मिळते. मुलं कॉपी करतात म्हणून आपण त्यांना बोल लावतो. अहो पण जो कागद कुणी उघडणारच नाही त्यावर दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री जागून स्वतःच्या डोक्याने का लिहावं? युजीसीच्या नियमांप्रमाणे अंतर्गत मूल्यमापनाला, ज्यात या असाइनमेंट येतात, एकूण मार्कांच्या ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. एवढे मार्क न वाचता वाटले जात असतील तर ते प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर अन्याय करणारं आहे.

यात मी तपासणाऱ्यांना दोष देत नाहीये. गठ्ठेच्या गठ्ठे येतात, एका असाइनमेंटचे जे मिळतात त्यात चहा-वडापावसुद्धा निघत नाही, ते पैसेही कधी हातात पडतील याचा भरवसा नसतो, मग माणूस पानं उलटतो आणि आकडा टाकतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की विद्यापीठांनी पैसे तपासणीचे न देता शेऱ्याचे द्यावेत. प्रत्येक असाइनमेंटवर चार-पाच ओळी, काय जमलंय, कुठे गडबड झालीय, पुढच्या वेळी काय करायचं, आणि ती परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याच्या हातात पडली पाहिजे, नंतर मिळून काय उपयोग. लिहायला वेळ नसेल तर मोबाइलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करून पाठवा, तेही चालेल, मी स्वतः पाठवते, मुलं ते ट्रेनमधे पुन्हा पुन्हा ऐकतात. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट-सेट परीक्षांची तयारी करणारी, पीएचडी करणारी कितीतरी हुशार मुलं या शहरात तासिका तत्त्वावर कशीबशी दिवस काढतायत, त्यांना हे काम नीट मोबदला देऊन देता येईल.

दुसरं म्हणजे, ज्याची पहिली असाइनमेंट आली नाही त्याला लगेच एक फोन करा. माझ्या बघण्यात शिक्षण सोडणारा विद्यार्थी कधी सांगून सोडत नाही, पहिल्या सेमिस्टरमधेच गुपचूप गळतो. त्या वेळी कुणी नुसतं "काय झालं, काही अडलंय का?" विचारलं तरी बरेच जण परत येतात. कुणाची ड्युटी बदललेली असते, कुणाला पोर्टलचा पासवर्ड आठवत नसतो, एवढ्याशा कारणावरून एका माणसाची डिग्री राहून जाते. आणि मेगाब्लॉकच्या रविवारऐवजी मधल्या वारी रात्री नऊनंतर तासभर शिक्षक ऑनलाइन बसले, तर दुकानात काम करणाऱ्यालाही ते जमतं.

तुमच्या शिक्षणाच्या बातमीदारांना माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या ॲडमिशनची बातमी करताना प्रत्येक विद्यापीठाला एक आकडा नक्की विचारा, गेल्या वर्षी किती असाइनमेंट आल्या आणि त्यातल्या किती शेऱ्यासकट विद्यार्थ्यांना परत गेल्या. आणि जे उत्तर मिळेल ते छापा.

आपली,
एक संमंत्रक, भांडुप
(कृपया नाव छापू नये)