कुर्ल्याला न उतरलेल्या मावशींचे आभार

कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकले, की नुसती मान वळवली तरी सगळं गरगरतं. बीपीपीव्ही म्हणतात त्याला. जिवाला धोका नसतो, पण हे दुखणं माझी पाठ सोडत नाही.

परवा सकाळी ठाण्याहून दादरला जाताना लेडीज डब्यात मुलुंडनंतर असा झटका आला, की हातातली कडी सुटली. फोर्थ सीटवरच्या, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथ्या बसलेल्या, एक मावशी लगेच उठल्या, मला बसवलं आणि समोर उभ्या राहून माझं डोकं पोटाशी घट्ट धरलं. एक हात मानेमागे. "डोळे मीट बाळा, मी धरलंय." डबा, माणसं, छप्पर सगळं फिरत होतं, तेवढ्या त्या मिठीत काहीच हलत नव्हतं. भीतीने आलेलं रडू तिथेच थांबलं. एका कॉलेजच्या मुलीने उलटीसाठी पिशवी पुढे केली.

मावशींना खरं तर कुर्ल्याला उतरायचं होतं. हे मला दादरच्या बाकावर कळलं!

संध्याकाळी डॉक्टरांनी एप्ली मॅन्युव्हर केलं, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणले, आता बरं वाटतंय. मावशी, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुमचे आणि त्या मुलीचे मनापासून आभार.