लाइनवालीला शून्य मार्क : मंत्रिमहोदयांना एका कास्तकाराचं खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

आपलं नाव आणि खातं मुद्दामच लिहीत नाही. खाती फिरतात, हे पत्र लोकांपर्यंत पोचेस्तोवर आपल्याकडं दुसरंच असायचं. तालुक्याच्या कार्यक्रमात, शाळेच्या पोरांसाठी चित्रकथांची स्पर्धा जाहीर करताना, माइकवरून जे बोलले ते आपण, एवढी ओळख पुरे. 'आपल्या लेकरांना बाहेरचे सुपरहिरो कशाला पाहिजेत? त्यांनी आपला सुपरहिरो मोकळेपणानं काढावा. चांगल्या चित्रकथांचं पुस्तक छापू, बाकीच्या सन्मानानं परत करू,' असं आपण म्हणालात. टाळ्या आम्हीच वाजवल्या, तेव्हा तक्रार करायची तोंडं आमचीच.

माझी मुलगी सातवीत आहे. तिनं ड्रॉइंग शीट कापून, दोरा ओवून आठ पानांची चित्रकथा केली. नायिकेचं नाव लाइनवाली; लाइन म्हणजे आमच्याकडं वीज. पायात रबरी बूट, हातात टेस्टर, पाठीवर मायच्या जुन्या लुगड्याचा पदर गाठ मारून बांधलेला. ती उडत येते, डीपीवर चढते, उडालेला फ्यूज टाकते आणि गावाला भरदिवसा पंप चालवणारी थ्री फेज लाइन मिळते. मग बाप रात्री वावरात न जाता घरी झोपतो. त्या पानावर बापाच्या तोंडातून घोरण्याचे फुगे काढले होते, अगदी मोठे. सातव्या पानावर लाइनवाली समुद्र ओलांडून एका दवाखान्यात जाते. बाहेर बाँब पडताहेत, लाइट गेलेला, काचेच्या पेटीत एक तान्हं बाळ. ही दोन्ही हातांत दोन तारा धरून उभी राहते आणि पेटीतला दिवा लागतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर युद्धाच्या बातम्या पाहिल्या असतील, त्यातून आलं.

परवा प्रमाणपत्र आलं. 'सहभाग'. नावात चूक. सोबत मूल्यांकनाच्या कागदाची झेरॉक्स. 'राष्ट्रीय मूल्ये' या रकान्यात शून्य. शेरा : 'परदेशातील प्रसंग अनावश्यक. वेशभूषा भारतीय नाही.' लुगडं भारतीय नाही! चित्रकथा परत मागायला गेलो तर टेबलामागचे साहेब म्हणाले, परत द्यायचं नियमात बसत नाही.

पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली, 'बाबा, माही लाइनवाली तं आपल्याच गावची हाय. मंग असं काहून लिहलं?' साहेब, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. आपल्या परीक्षकांकडं असेल तर कळवा.

राष्ट्रीय मूल्य कोणत्या तराजूत मोजलं, तेही कळवा. ज्या बाहेरच्या सुपरहिरोंचा आपण मंचावर उद्धार केलात, त्यांची कहाणी तरी कुणाकडून वाचून घ्यायची. सुपरमॅन 1938 साली आला. त्याला जन्म देणारी दोन पोरं अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावची, बाहेरून येऊन वसलेल्या ज्यू कुटुंबांतली. हक्क विकून त्यांच्या हाती पडले 130 डॉलर. मेहनत एकाची आणि माल दुसऱ्याचा, हा रिवाज तिथंही आहे म्हणायचा. पहिल्याच अंकात हा गडी बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो आणि सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाच्या मागं लागतो. यातलं अमेरिकन काय? बायकोला मारणारे आणि दलाल आमच्या तालुक्यातही आहेत. अमेरिकन जीवनपद्धतीचं बिरुद त्याला पुढं, 1940 च्या दशकात, युद्धाच्या दिवसांत रेडिओवर चिकटलं. आणि 2021 मध्ये मालक कंपनीनंच ते काढून तिथं चांगल्या उद्याची भाषा आणली.

कॅप्टन अमेरिका तर अंगावर झेंडाच घालतो. मार्च 1941 च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यानं हिटलरच्या थोबाडावर ठोसा लगावला, तेव्हा त्यांचं सरकार युद्धात उतरलंही नव्हतं. ते उतरलं डिसेंबरात. आणि 1974 मध्ये, वॉटरगेटच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या भानगडीच्या हवेत, याच हिरोनं सरकारवर विटून तो पोशाख उतरवून ठेवला. पुढं पुन्हा घातला, ते असो. पण झेंडा घातलेल्या माणसालाही सरकारला नाही म्हणता येते, हे त्यांच्या पोरांनी चित्रांत पाहिलं. आपल्या रकान्यात याला किती मार्क पडले असते?

आपला मुद्दा अगदीच खोटा आहे असं नाही. मी लहान असताना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत यायचा. एक गोरा माणूस आफ्रिकेच्या जंगलात बसून काळ्या लोकांचं रक्षण करतो, हे तेव्हा खटकलं नाही, आता खटकते. बाहेरचा हिरो येताना आपल्या देशाची घमेंडही बांधून आणतो, हे कबूल. म्हणून तर आमच्या पोरांनी आपला हिरो काढावा. तोच तिनं काढला ना!

आणि देशी म्हणाल, तर कॉमिक्समधला आपला नागराज 1986 पासून दहशतवाद्यांशी लढत जगभर फिरतो. चाचा चौधरींच्या घरातला साबू तर गुरू ग्रहावरचा. त्याचं आधार कार्ड कुणी पाहिलं? त्याच चाचा चौधरींना 2021 मध्ये केंद्र सरकारनं गंगा साफ करायच्या 'नमामि गंगे' योजनेचं शुभंकर केलं. परग्रहावरचा गडी घरात ठेवणारा राष्ट्रीय, आणि राळेगाव तालुक्यातली बाई परदेशी.

आमच्या विदर्भानं सुपरहिरो दिला नाही असं वाटत असेल तर अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव नकाशात पाहा. तिथं 1876 साली जन्मलेल्या माणसाचा वेश कोणत्याही कॉमिकवाल्यापेक्षा पक्का होता. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, मग कीर्तनात गावाचं डोकं. मुंबईत दवाखान्यासाठी आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना टेकायला जागा नव्हती, तर धर्मशाळा उभी केली. तिथं येणारा कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, हे तपासायचा रकाना नव्हता. बाबा आज स्पर्धेत उतरले असते तर वेशभूषेतच बाद झाले असते.

साहेब, परदेशी प्रसंगाचा एवढा तिटकारा असेल तर परदेशी कापसाचं काय? 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेर नेलं. ऐन आमची वेचणी सुरू व्हायच्या वक्ताला. त्या 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये कागदावर होता. गावात येऊन काटा लावणारा व्यापारी तो कागद वाचत नाही. तिकडचा कापूस इकडं आला तर धोरण, आणि माझ्या पोरीची बाई इकडून तिकडं गेली तर अनावश्यक.

लाइनवाली तिला सुचली का, तेही ऐका. आमच्याकडं कृषिपंपाला लाइन पाळीनं : दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास. दिवसा लाइन देणारी सौर वाहिनी योजना 2017 पासून ऐकतोय. 2023 मध्ये तिची 2.0 आली, आमच्या धुऱ्यावर अजून 1.0 सुद्धा पोचली नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ, 44 लाख कास्तकारांना फुकट वीज, असं जाहीर झालं. झालं असेल. फुकटची लाइन रात्री बाराला येते. याच राळेगाव-पांढरकवडा भागात 2018 पर्यंत वाघिणीनं तेरा माणसं खाल्ली असं म्हणत होते; आम्ही तेव्हाही ओलिताला जात होतो, हातात बॅटरी आणि तोंडात देवाचं नाव. गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी देताना ओल्या हातानं स्टार्टर दाबला आणि फेकल्या गेलो. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. हे पत्रही मोबाइलवर बोलून लिहितोय, शुद्धलेखन त्याचं. दवाखान्याच्या बिलासाठी तूर पडत्या भावात काढली. पोरीनं हे सगळं पाहिलं, आणि त्यातून तिला बदला घेणारा हिरो सुचला नाही, फ्यूज टाकणारी बाई सुचली. तीही आपल्या बापापुरती थांबली नाही. शाळेत रोज साने गुरुजींची प्रार्थना म्हणवून घेता, जगाला प्रेम द्यायची. पोरीनं ती खरी धरली, हा गुन्हा.

आणि शाळा तरी किती दिवस राहते कोण जाणे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या पंधराएक हजार शाळा होत्या म्हणतात, त्यांचं समूह शाळांत गाठोडं बांधायचं चाललं होतं. आमच्या शाळेचा पट काठावर आहे. गणवेश एक करून पाहिला, पेपर एक, आता स्वप्नंही एकाच मापाची शिवायची. एक राज्य एक गणवेशाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं : कुणाला ढगळ, कुणाला तंग. मुंबईत बसून माप घेतलं की असंच होते.

मागण्या फार नाहीत. पोरीची चित्रकथा परत करा, पोस्टानं चालेल, पोस्टाचा खर्च मी देतो. 'राष्ट्रीय मूल्ये' हा रकाना कुणी आखला आणि त्यात पहिल्या नंबरला किती मार्क आहेत, ते जाहीर करा. पहिल्या नंबरच्या चित्रात झेंडा, किल्ला आणि आपला फोटो आहे असं ऐकलं. खोटं असेल तर मला आनंदच होईल.

पोरीनं दुसरा भाग काढायला घेतलाय. त्यात एक मंत्री आहेत. त्यांना लाइनवाली रात्री ओलिताला नेते. आपल्यासारखे दिसतात का, ते मी विचारलं नाही.

आपला,
एक कास्तकार, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

ता.क. : या आठवड्यात आमच्या फीडरची पाळी रात्रीची आहे. आपल्या कार्यालयातून कुणी फोन करणार असेल तर बारानंतर करावा, मी वावरात जागाच असतो.