माझ्याकडे वळवलेली स्क्रीन

आदरणीय मॅडम,

लीड्सच्या ऑफिसात आम्ही सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारत होतो, कारण तिथली रीतच तशी आहे. मराठीत मात्र माझी जीभ तशी वळत नाही, म्हणून इथे मॅडमच म्हणते. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. निघताना मी इंग्रजीत आभार मानले, कार्डही दिले, पण जे सांगायचे होते ते त्यात उतरलेच नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचे तर परीक्षांबरोबर दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि आपल्या फर्ममध्ये ती दोन वर्षे सहा-सहा महिन्यांच्या चार टप्प्यांत वाटलेली होती. अशा टप्प्याला सीट म्हणतात आणि दर सीटला ट्रेनी नव्या विभागात, नव्या वरिष्ठांसमोर जाऊन बसतो. माझ्या पहिल्या सीटचे वरिष्ठ दहा फुटांवर बसत आणि काम ईमेलने पाठवत. सहा मिनिटांचे एक युनिट या हिशेबाने आम्हाला दिवसभराचा वेळ नोंदवावा लागे. ज्या कामाला मला दहा युनिटे लागली त्याची त्यांना चारच हवी असत, आणि महिनाअखेर माझे तास कमी का भरले, हेही तेच विचारत. माझे काय चुकते ते मात्र त्यांनी एकदाही सांगितले नाही. सहा महिन्यांनी अहवाल हाती आला तेव्हा कळले की प्रत्येक चूक टिपून ठेवली होती, वरच्यांना कळवलीही होती, फक्त मला सोडून. तोंडावर सांगितले असते तर मी त्याच दिवशी सुधारले असते. ती संधीच मिळाली नाही, हा सल अजून गेलेला नाही.

तुमच्यासमोर बसायला आले ते ही धास्ती घेऊनच. तुमच्या स्क्रीनची पाठ माझ्याकडे असे, आणि तुम्ही टाइप करू लागलात की माझ्याबद्दलच काही लिहिले जाते आहे असे वाटून माझे हात गार पडत.

मग ती गुरुवारची दुपार आली. हडर्सफील्डजवळच्या एका कारखानदार कुटुंबाच्या कंपनीने कर्ज घेतले होते आणि आपण बँकेचे वकील होतो. कंपनीने दिलेल्या तारणाची नोंद कंपनीज हाउसकडे, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे, 21 दिवसांत करावी लागते. ती राहिली आणि पुढे कंपनी बुडाली, तर तिची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरपुढे ते तारण टिकत नाही. मी दिवस मोजले ते कर्जाची रक्कम हाती पडली त्या तारखेपासून, आणि मोजायचे होते ते तारणाचा दस्त झाला त्या तारखेपासून. फाइल सहज चाळताना हे लक्षात आले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि मुदतीचा तोच शेवटचा दिवस होता.

तुम्ही एक शब्दही न बोलता फॉर्म उघडलात, मी आकडे वाचत गेले आणि तुम्ही भरत गेलात. साडेचारच्या सुमारास दाखल झाल्याची पोच आली. नोंद मुदतीत झाली होती, बँकेचे काहीच बिघडले नव्हते, आपण दोघी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलेही नसते. तरीही तुम्ही पार्टनरना ईमेल लिहायला घेतलात, आणि माझे हात पुन्हा गार पडले.

लिहून झाल्यावर तुम्ही चहाचा मग बाजूला सरकवलात, स्क्रीन दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे वळवलीत आणि म्हणालात, ‘पाठवण्याआधी वाचून घे. काही चुकीचे असेल तर सांग.’ त्यात लिहिले होते की तारीख मोजण्यात आमच्याकडून चूक झाली, देखरेख माझी असल्यामुळे मुदत मी स्वतः तपासायला हवी होती, आणि चूक ट्रेनीच्याच लक्षात येऊन तिने ती लगेच सांगितली. तेव्हा मी कबूल केले की लगेच नाही, त्याआधी वीस मिनिटे मी जिन्यात उभी होते. तुम्ही ‘लगेच’ हा शब्द खोडलात, बाकी सगळे तसेच ठेवलेत आणि ईमेल पाठवून दिलात.

दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर घेणारी माणसे मी पूर्वीही पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जिच्याबद्दल लिहिले तिलाच आधी वाचू देणे, आणि तिने खरे सांगितल्यावर तिच्या भल्याचाही एक शब्द खोटा न राहू देणे, असा सरळपणा मला त्या इमारतीत आधी कुठे भेटला नव्हता. त्या संध्याकाळनंतर तुमच्या टायपिंगचा आवाज मला फक्त टायपिंगचा आवाज वाटू लागला. पुढच्या चार महिन्यांत मी जे शिकले ते त्यामुळेच शिकू शकले.

गेल्या महिन्यात कंपनीज हाउसच्या साइटवर, जी कोणालाही फुकट पाहता येते, मी त्या कंपनीचे पान उघडले. तारण झाल्याची तारीख आणि नोंदीला दिल्याची तारीख तिथे एकाखाली एक आहेत, बरोबर 21 दिवसांच्या अंतराने. खाली आता कर्ज फिटल्याची नोंदही झाली आहे. ते पान मी बराच वेळ पाहत बसले होते, आणि हे पत्र त्याच रात्री लिहायला घेतले.

आपली कृतज्ञ,
तुमची दुसऱ्या सीटची ट्रेनी