सेन्सेई, तुम्ही 'अल्ट्रामॅन' दाखवलात त्याबद्दल

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं तुमच्या घरी येऊन, चहा घेता घेता बोलता आलं असतं. पण काही आभार चारचौघांत मानावेत असं वाटतं, म्हणून हे उघड पत्र. एकोणीसशे साठच्या दशकात जपानी मुलांसाठी केलेली एक मालिका आज पुण्यात एक सात वर्षांचा मुलगा आणि त्याची मावशी जीव लावून बघतात. ती आमच्यापर्यंत तुम्ही आणलीत. आणि ती कशी बघायची, हेही तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही माझ्या जपानीच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका. मी तुमच्याकडे मागितलं होतं ते जपानी ऐकण्याच्या सरावासाठी काहीतरी. बातम्या फार भरभर बोलतात आणि नव्या मालिकांमधलं बोलणं डोक्यावरून जातं, अशी माझी तक्रार होती. तुम्ही 'अल्ट्रामॅन' सुचवलंत आणि भाच्यालाही शेजारी बसवायला सांगितलंत. पुढच्या तासाला एक कागद हातात दिलात. त्यावर कोणते भाग कोणत्या क्रमाने बघायचे ते होतं, आणि प्रत्येकापुढे तुमच्या बारीक, उभट अक्षरात एखादी ओळ. दुसऱ्या भागापुढे 'शत्रूचं म्हणणं नीट ऐक'. पंधराव्यापुढे 'मुलांचे चेहरे'. आणि तेविसाव्यापुढे लाल शाईने, 'हा मी असताना. रात्री झोपण्याआधी नको.' तो कागद आता आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. बघून झालेल्या भागांवर भाचा त्या त्या राक्षसाचं चित्र काढतो, त्यामुळे तुमचं अक्षर फारसं वाचता येत नाही, पण कागद जपलाय.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १७ जुलै १९६६ ला जपानच्या टीबीएस वाहिनीवर ती सुरू झाली आणि ९ एप्रिल १९६७ पर्यंत तिचे ३९ भाग झाले. करणारी संस्था एइजी त्सुबुरायांची. १९५४ च्या 'गॉडझिला'ची विशेष दृश्यं ज्यांनी केली तेच हे त्सुबुराया. हायाता नावाचा, राक्षसांशी लढणाऱ्या विज्ञान पथकातला तरुण अंतराळातून आलेल्या एका जीवाशी आकाशात धडकतो आणि मरतो. तो परका जीव हळहळतो, आपलं आयुष्य हायाताला देतो आणि त्याच्यात सामावून पृथ्वीवर राहतो. संकट आलं की हायाता अल्ट्रामॅन होतो, इमारतीएवढा उंच, चंदेरी आणि लाल. पृथ्वीवर त्याची शक्ती भराभर संपते. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की वेळ थोडा उरला असं समजायचं. आमच्याकडे त्या दिव्याबरोबर श्वास रोखला जातो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबॉट बघितलेल्या मंडळींना या जातीची मालिका अगदीच अनोळखी नाही. रबराच्या पोशाखातली माणसं, पुठ्ठ्यालाकडाची छोटी शहरं, धूर, ठिणग्या. पहिल्या भागात माझीही नजर त्या कारागिरीवरच होती. तेव्हा तुम्ही टीव्ही थांबवून विचारलंत, "तो चालतो तेव्हा जड का वाटतो?" मग समजावलंत, की कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरवून चित्रीकरण करायचं आणि ते नेहमीच्या वेगाने दाखवायचं. हालचाल संथ होते. कोसळणारी भिंत, उसळणारं पाणी, पडणारा देह, सगळ्याला वजन येतं. त्यानंतर भाच्याने घरात जो राक्षस केला तो धावला नाही, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरापर्यंत आला.

अल्ट्रामॅनच्या चेहऱ्याकडेही तुम्हीच लक्ष वेधलंत. त्याचं रूप ठरवणारे तोरु नारिता हे मुळात शिल्पकार. त्यांनी त्या चेहऱ्यावर भाव म्हणून जवळजवळ काही ठेवलेलंच नाही, नुसतं ओठांच्या कडेला पुसटसं हसू. प्रकाश खालून आला की तोच चेहरा कठोर दिसतो, मान झुकली की खिन्न. राक्षस घडवतानाही नारितांचे नियम होते. ओळखीचा प्राणी नुसता मोठा करून उभा करायचा नाही, दोन डोकी किंवा विकृत अवयव जोडायचे नाहीत, फाटलेलं शरीर आणि रक्त दाखवायचं नाही. मुलं बघणार आहेत, म्हणून ही काळजी. हे कळल्यावर मी प्रत्येक राक्षसाकडे नव्याने बघायला लागले. भीती वाटावी, पण किळस येऊ नये, एवढी नेमकी रेष त्या माणसाने आठवड्यामागून आठवडा सांभाळली.

आता मूळ मुद्द्यावर येते.

दुसऱ्या भागात बाल्टन येतात, खेकड्यासारख्या नांग्यांचे परग्रहवासी. अणुचाचणीपायी त्यांचा ग्रह नष्ट झालाय, दोन अब्जांहून जास्त बाल्टन एका जहाजात सूक्ष्म होऊन बसलेत, आणि त्यांना पृथ्वीवर राहायचंय. बोलणी फिसकटतात. अल्ट्रामॅन त्यांचा म्होरक्या संपवतो आणि ते जहाजही. संगीत वाजतं, सगळे आनंदात. आमचा भाचा मात्र वळून म्हणाला, "आणि जहाजातले बाकीचे?"

मी काहीतरी सावरून सांगणार होते, ते वाईट होते वगैरे. तुम्ही हाताने मला थांबवलंत आणि त्याला म्हणालात, "चांगलं विचारलंस. लक्षात ठेव. ही मालिका पुढे स्वतःच हे विचारणार आहे." माझे खरे आभार या वाक्यासाठी आहेत, सेन्सेई. तुम्ही त्याचा प्रश्न मिटवला नाहीत, त्याला जागा करून दिलीत, आणि मग कागदावरच्या क्रमाने एकेक भाग त्याच्यासमोर ठेवत गेलात.

पंधरावा भाग. मुलं मोकळ्या जागेतल्या सिमेंटच्या पाइपावर खडूने राक्षस काढतात. अंतराळातून आलेल्या किरणांमुळे आणि उन्हामुळे ते चित्र खरं होतं. गावादोन तयार होतो, आणि करतो काय, तर झोपतो. एवढा प्रचंड जीव शहराच्या मधोमध घोरत पडतो आणि सगळे व्यवहार ठप्प होतात. मोठ्यांना तो हलवायचाय. मुलांना तो आणखी जबरदस्त हवाय, म्हणून रात्री जाऊन चित्र पुन्हा रंगवतात. अल्ट्रामॅन येतो तेव्हा मुलं त्याच्याच अंगावर ओरडतात, मारू नकोस म्हणून! ज्याच्या नावाची मालिका, त्याच्याविरुद्ध तिचेच बालप्रेक्षक उभे केलेत. अल्ट्रामॅन गावादोनला आकाशात नेतो आणि सांगतो, तानाबाताच्या, म्हणजे सात जुलैच्या ताऱ्यांच्या सणाच्या, रात्री तो तुम्हाला ताऱ्यांमध्ये भेटेल. तेव्हा एक मुलगा विचारतो, सात जुलैला पाऊस पडला तर?

इथे तुम्ही जे सांगितलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. तानाबाताच्या गोष्टीतले दोन तारे, वर्षातून एकदाच भेटणारे, म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. आणि जपानातही जुलैच्या सुरुवातीला पावसाळाच असतो. आषाढातल्या ढगांकडे बघत वाढलेल्या मुलाला तो प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. तो गॅलरीत जाऊन वर बघून आला. आभाळ भरलेलं होतं. परत येऊन म्हणाला, "ढगांच्या मागे असेल."

पस्तिसाव्या भागात पथकाला अंतराळात एक जागा सापडते, जिथे आजवर मारलेले राक्षस तरंगत असतात. पथकातल्या माणसांना वाईट वाटतं. ते राक्षसांचे फोटो मांडून, भिक्षू बोलावून रीतसर श्राद्ध घालतात, आणि हायाता एकटा बाजूला होऊन मनातल्या मनात त्यांची क्षमा मागतो. तिथला एक सांगाड्यासारखा राक्षस, सीबोझु, चुकून पृथ्वीवर पडलाय. त्याला कुणाशी लढायचं नाही, घरी जायचंय. मान खाली घालून तो रुसलेल्या पोरासारखा चालतो. भाच्याने तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, तुमच्याकडे बघितलं. प्रश्न कुणाकडे ठेवलाय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि तेविसावा. तुम्ही रिक्षा करून भर पावसात आलात, कारण हा भाग आम्ही एकट्याने बघू नये असं तुमचं म्हणणं होतं.

जमिला हा राक्षस नव्हेच. तो अंतराळवीर. त्याचं यान भरकटून पाण्याचा थेंबही नसलेल्या ग्रहावर पडलं. देशाने अब्रू जाईल म्हणून गोष्ट दाबली आणि त्याला वाऱ्यावर सोडलं. तग धरता धरता त्याचं शरीर बदललं. कातडी भेगाळलेल्या जमिनीसारखी, मान खांद्यांत बुडालेली. तो परत येतो तो सूड घ्यायला. वरून आदेश येतो, की याची ओळख उघड न करता राक्षस म्हणून मारून टाका. पथकातला ईदे, एरवी सगळ्यांना हसवणारा ईदे, ते ऐकून हत्यार टाकतो. उद्या आपलंही असंच होऊ शकतं, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे जमिला एका खेड्यातली घरं पेटवतो, तेव्हा हाच ईदे त्याला ओरडून विचारतो, माणसाचं मनही हरवून बसलास का? आणि जमिला थांबतो. त्या रबरी मुखवट्यातून तो जळत्या घरांकडे बघतो ते काही क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिलेत. तिथे ना लढाई आहे ना संगीताचा दणका, आणि तरी संपूर्ण मालिकेत मला त्याहून थोर काही सापडलं नाही.

मग अल्ट्रामॅन त्याच्यावर पाणी सोडतो. जमिला चिखलात कोसळतो, उठायचा प्रयत्न करतो, पुन्हा पडतो, आणि त्याचं ओरडणं हळूहळू तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखं होत जातं. शेवटी त्याच्यासाठी गौरवाच्या शब्दांची समाधी उभारतात. बाकीचे निघून जातात, ईदे तिथेच उभा राहतो आणि म्हणतो, की बळी गेलेल्यांचं नेहमी असंच होतं, शब्द तेवढे सुंदर असतात. तुम्ही ते वाक्य भाषांतर करून दिलं नाहीत. मागे नेऊन मला ऐकायला लावलंत, माझ्या कानांना ते जपानीतच लागेपर्यंत. ऐकण्याचा सराव मागितला होता, तो असा मिळाला.

भाचा रडला. "त्याला पाणी हवं होतं ना? मग पाण्यानेच कसा मेला?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. तुम्ही त्याला जवळ घेतलंत, आणि थोड्या वेळाने त्याच्या टी-शर्टची कॉलर वर ओढून कपाळापर्यंत आणलीत. खांदे आणि डोकं एक झालं, हुबेहूब जमिला. जपानातल्या मुलांच्या कित्येक पिढ्या अशीच जमिलाची नक्कल करत आल्यात, हे तुम्ही सांगितलंत, आणि तुम्ही तिथे राहत होतात तेव्हा शेजारच्या पोरांनी तुम्हालाही करून दाखवली होती, हेही. डोळे पुसत पुसत तो हसला.

माझी बहीण नंतर मला म्हणाली, एवढ्याशा पोराला इतकं दुःखाचं कशाला दाखवायचं? तिचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, आई आहे ती. पण त्या आठवड्यात तिनेच मला फोन करून सांगितलं, की शाळेत सगळ्यांनी मिळून एका मुलाला खेळातून बाहेर काढलं होतं आणि हा त्याच्याजवळ जाऊन बसला. एका मालिकेने हे केलं असं मी म्हणत नाही. मूळचाच मायाळू आहे तो. पण त्या मायेला काय करायचं असतं ते बघायला मिळालं, असं मला वाटतं.

पंधरावा, तेविसावा आणि पस्तिसावा हे तिन्ही भाग एकाच जोडीचे, लेखक मामोरु सासाकी आणि दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी, हे मला तुमच्यामुळे कळलं. कॅमेरा जमिनीला टेकवून वर बघणं, चेहऱ्याच्या अगदी जवळ जाणं ही जिस्सोजींची खूण आता मीही ओळखते. चौतिसाव्या भागात हायाता घाईघाईत रूपांतराच्या उपकरणाऐवजी जेवणाचा चमचा उंचावतो, तोही यांचाच. आमच्याकडे हल्ली आमटी वाढली की चमचा आधी हवेत जातो.

शेवटचा भाग आम्ही गेल्या आठवड्यात बघितला. झेट्टन नावाचा राक्षस अल्ट्रामॅनला हरवतो, खरोखर हरवतो, आणि झेट्टनला संपवतात ती साधी माणसं. सदतिसाव्या भागात ईदेला पडलेली शंका, अल्ट्रामॅन असताना आमची गरजच काय, तिचं उत्तर तिथे मिळतं. अल्ट्रामॅनला न्यायला त्याच्याच जगातून आलेल्याने दोन जीव आणलेले असतात, म्हणून हायाताही वाचतो. भाच्याने ते दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

सेन्सेई, जपानी तुम्ही अनेकांना शिकवलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. माझे आभार त्या कागदाबद्दल, पावसात केलेल्या रिक्षाबद्दल आणि एका मुलाचा प्रश्न अर्ध्यात न तोडल्याबद्दल. १९६७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली 'अल्ट्रासेव्हन' आम्ही अजून उघडलेली नाही. भाचा म्हणतो, सेन्सेईआजींनी क्रम लिहून दिल्याशिवाय नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो इथेच आहे. तुम्हाला जमेल तो दिवस कळवा, रिक्षा मी पाठवते.

तुमची विद्यार्थिनी