झाड उपटू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल संध्याकाळी हाती आले आणि रात्री उशिरापर्यंत मनात घोळत राहिले. अंगणातले जर्दाळूचे झाड पाच वर्षांनी पहिल्यांदा भरभरून फुलले आणि आठवडाभरात एकूण एक फूल गळून गेले, हे वाचून फार वाईट वाटले. भर हिवाळ्यातल्या कडाक्याने झाड आतून मेले असावे, तेव्हा आता ते उपटून टाकतो, असे तू लिहितोस. तेवढे मात्र करू नकोस. तू लिहिलेल्या तारखा मी दोनदा ताडून पाहिल्या; तुझा घात त्या कडाक्याने केलेला नाही, त्यानंतर पडलेल्या उबदार उन्हाने केला आहे.

पानगळ झाल्यावर सफरचंद, पीच, जर्दाळू ही झाडे सुप्तावस्थेत जातात आणि त्यांच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कळ्यांना, पुन्हा फुटण्यासाठी ठरावीक गारवा मिळावाच लागतो. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसमध्ये गेलेले तास त्यासाठी मोजतात. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, तर ‘ॲना’सारख्या जातीचे ३०० तासांतच भागते. हा हिशेब पुरा होईपर्यंत मधेच ऊन तापले तरी डोळे सहसा हलत नाहीत. तो पुरा झाला, की झाड केवळ उबेची वाट पाहत थांबलेले असते. जर्दाळू थोड्याच उबेने फुलतो, म्हणून लवकर फसतो. तुझ्याकडे हिवाळा सरण्याआधीच दहा-बारा दिवस ऊन पडले, झाड फुलले आणि मग एका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पारा पुन्हा शून्याखाली गेला.

घट्ट मिटलेला डोळा शून्याखाली १० अंशांची थंडीही सोसतो. तोच उमलला, की शून्याखाली अडीच-तीन अंशांवर फुले मरू लागतात आणि शून्याखाली साडेपाच अंशांच्या आसपास जवळजवळ सारा बहर जातो. बाहेरून हे लगेच कळत नाही. माझ्या झाडाची अशीच रात्र गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी पाकळ्या टवटवीत होत्या, मधमाश्याही येत होत्या; मी निर्धास्त झालो होतो. मग सहज एक फूल ब्लेडने मधोमध चिरले, तर पाकळ्यांच्या तळाशी, जिथे मोहरीएवढा हिरवा अंडाशय असायला हवा, तिथे काळपट ठिपका होता. वीस फुले चिरली, त्यांतली सतरा तशीच निघाली. झाडाला मात्र काहीही झालेले नव्हते, आणि पुढच्या वर्षी त्याने फळ दिले.

म्हणून आधी एवढेच कर: दोन-तीन फांद्यांची साल नखाने किंचित खरवडून बघ. आत हिरवी, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. एखादी फांदी तपकिरी, कोरडी लागली तर तीसुद्धा लगेच छाटू नकोस. पालवी फुटू दे, म्हणजे कोठपर्यंत छाटायचे ते झाडच दाखवील.

माझ्या दोन चुका तुला सांगतो, कारण त्या मला महागात पडल्या. पानगळीच्या तोंडावर मी हौसेने नत्रयुक्त खत घातले आणि छाटणीही उरकली. त्यामुळे कोवळे फुटवे आले आणि पक्व होण्याआधीच पहिल्या गारठ्यात करपले. दुसरी चूक झाकण्याची. मी नुसत्या शेंड्यावर चादर टाकून ती खोडाशी बांधली होती. रात्री ऊब येते ती जमिनीतून. कापड चहूबाजूंनी जमिनीपर्यंत टेकले तरच ती आत कोंडली जाते, आणि सकाळी ते काढावे लागते. आच्छादनाचेही तसेच आहे. भर हिवाळ्यात बुंध्याभोवतीचा पाचोळा मुळांना जपतो, पण फुले उमलण्याच्या सुमारास तो बाजूला सारून माती उघडी आणि ओलसर ठेवावी, कारण ओली माती दिवसा अधिक ऊब साठवते आणि रात्री ती झाडाला देते. खोडाला पांढरा रंग लावलास तर हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हाने तापून रात्री साल तडकण्याचे भयही कमी होईल.

तुझे झाड अंगणाच्या सखल कोपऱ्यात आहे, हे मला खटकते. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन तिथेच साचत असणार. एवढे मोठे झाड आता हलवू नये. मात्र त्याच्या खालच्या बाजूला कुंपणाची भिंत असेल तर तिच्या तळाशी हवेला वाट करून दे, आणि नवे झाड लावशील ते वरच्या अंगाला व उशिरा फुलणाऱ्या जातीचे निवड.

साल खरवडल्यावर आत काय रंग दिसला, ते मला लगेच कळव. मी तुझ्या पत्राची वाट पाहतो आहे.

तुझा स्नेहांकित मित्र